नकाशा फार खातो

मंगळवार, ६ जानेवारी

तीन राजांचा सण; आजपासून आमच्याकडे कार्निव्हलचा हंगाम. मंडळाच्या हॉलमध्ये मुखवट्यांची धूळ झटकली. माझ्या बेडकाच्या डाव्या डोळ्याचा रंग उडालाय. गॅरेजमध्ये नेऊन रंगवणार.

८ फेब्रुवारीला वाल्ट्सहूटची मोठी मिरवणूक. आमच्या 'ऱ्हाइनचे बेडूक' मंडळाचा गाड्यांचा ताफा कोणी न्यायचा, असा विषय निघाला. मीच नेणार. दरवर्षी मीच नेतो. कोणाचाही विरोध नाही. लोथार ब्र्युट्श खोकला, पण त्याला सर्दी आहे.

संध्याकाळी झिंगेनला आईकडे. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती तिथल्या वृद्धाश्रमातच आहे. माझं बेडकाचं पहिलं कातडं तिने शिवलं होतं, आणि त्यानंतरची एकही मिरवणूक तिने चुकवलेली नाही. म्हणाली, गेबी, यंदा तुझी उडी काही मला दिसायची नाही. म्हटलं, आई, मी मिरवणुकीतून तुला थेट फोनवर दिसेन. उड्या मारता मारता. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, मी कधी शब्द मोडलाय का? यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ तारखेपुढे माझी सही घेतली.

अडचण एकच. माझ्या फोनमध्ये डेटा दर महिन्याच्या दहा तारखेला भरतो. मिरवणूक आठला. म्हणजे अगदी महिन्याच्या शेपटाला. गेले तीन महिने माझा डेटा वीस तारखेच्या पुढे टिकलेला नाही.

संकल्प: गळती शोधणे. मी पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं गळत्याच शोधल्या. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही.

शनिवार, १० जानेवारी

डेटा भरला. पाच जीबी. फोन हातात जड लागतोय.

इर्मट्राउट म्हणाली, एवढा जीव कशाला टाकतोस, मिरवणुकीत मी असेनच, माझ्या फोनवरून दाखवीन सासूबाईंना. मी नम्रपणे नकार दिला. शब्द मी दिलाय. शिवाय ती फोन वाकडा धरते.

रोन्या म्हणाली, बाबा, जादा पॅक घे आणि विषय संपव. मुलगी शाफहाउझेनला चष्म्याच्या दुकानात आहे, हुशार आहे, पण ही पिढी अशीच. नळ गळतोय तर बादली मोठी आणा म्हणे! शिस्त विकत मिळत नाही, असं तिला सुनावलं. ती वायफायवर काहीतरी बघत बसली.

बुधवार, १४ जानेवारी

गळती सापडली! नकाशा.

रविवारी फोनवर नकाशा लावून आईकडे गेलो. (रस्ता माहीत आहे. पण ट्रॅफिक कळतो.) परत आलो, गॅरेजमध्ये बेडकाचा डोळा रंगवला, रंग वाळेपर्यंत गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ पाहिले. उड्यांचा अभ्यास म्हणून. माझी तिसरी उडी अप्रतिम होती. अकरा वेळा पाहिली. नंतर फोन बघितला तर डेटा बराच उतरलेला.

म्हणजे झिंगेनला जाण्यायेण्यात एवढा! नकाशा खातो म्हणजे किती खातो! आणि सगळं इतक्या गोड आवाजात. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. वळतो बाई, पण तू गिळणं थांबव.

उपाय: बाईचा आवाज बंद केला. कमी बोलेल, कमी खाईल.

रविवार, १८ जानेवारी

आवाज बंद करूनही गळती चालूच. मग खोलात जाऊन विचार केला. रस्ता सरळ असेल तर नकाशाला काम काय? काही नाही. वळण आलं की नवा तुकडा ओढावा लागतो. म्हणजे डेटा खातात ती वळणं.

आज आईकडे जाताना वळणं टाळली. वृद्धाश्रमाकडे जाणारा फाटा हे उजवं वळण आहे. तेही टाळलं. सरळ बरंच पुढे गेलो. तिथे एका फर्निचरच्या दुकानाचं पार्किंग लागलं. तिथून चालत मागे आलो. बर्फात.

आई म्हणाली, गेबी, तुझे बूट केवढे भिजलेत, गाडी विकलीस का? मी तिला वळणांचं शास्त्र समजावलं. तिने मध्येच विचारलं, मग मिरवणूक दिसेल ना रे मला? म्हटलं, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. ती म्हणाली, सिस्टर बेआटेला मी सांगून ठेवलंय की माझा गेबी फोनमध्ये उड्या मारणार आहे. ती सगळ्यांना घेऊन बसणार आहे, केकसकट.

केकसकट. जबाबदारी वाढली.

रात्री गॅरेजमध्ये दुसरा हात मारला. रंगाचा. वाळेपर्यंत अभ्यास.

सोमवार, १९ जानेवारी

काल वळण एकही घेतलं नाही, तरी डेटा अर्ध्याच्या खाली. परतीच्या वाटेवर गावच्या चौकातला गोल चक्कर विसरलो होतो. गोल चक्कर म्हणजे निव्वळ वळण.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज जेवताना रोन्याने कबूल केलं की नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता येतो आणि मग वाटेत डेटा लागत नाही. मग हे आधी का नाही सांगितलं? म्हणाली, तीन वेळा सांगितलं, तू आवाज बंद केला होतास. हा टोमणा होता, मी सोडून दिला. मग म्हणाली, पण वायफायवर उतरव हं बाबा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

दुसऱ्या कोणी जवळपासचाच नकाशा उतरवला असता. मी दूरचं बघतो. सबंध जर्मनी उतरवायला घेतली. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. फोन उतरवायला लावला आणि गॅरेजमध्ये बेडकाला वॉर्निश करायला गेलो. फोन अर्थात बरोबर नेला, लक्ष ठेवायला.

रात्री दहा वाजता. गॅरेजमध्ये वायफाय पोचत नाही.

हे मला ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. आणखी वाईट म्हणजे गॅरेजचं दार नदीकडे उघडतं. नदीपलीकडे स्वित्झर्लंड, आणि माझ्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड बसत नाही. ऱ्हाइनवरून त्यांचं नेटवर्क बिनधास्त अलीकडे येतं, आमच्या गॅरेजात शिरतं आणि डेटाचा फडशा पाडतं. सीमेवर माझ्या बायकोच्या पिशवीतलं चीज तपासतात, याला मात्र कोणी अडवत नाही.

शिल्लक अगदी जेमतेम. नकाशा एकाहत्तर टक्क्यांवर अडकला. तो वरून खाली उतरतो. म्हणजे उत्तर समुद्रापासून साधारण न्युर्नबेर्गपर्यंतची जर्मनी माझ्याकडे आहे. आपला भाग उरलेल्या एकोणतीसमध्ये.

तरी एकाहत्तर टक्के म्हणजे शाळेत चांगले मार्क समजतात.

शनिवार, २४ जानेवारी

जेमतेम म्हणजे किती? आईला माझ्या चारपाच उड्या दिसतील इतका. पुरे आहे. गर्दीत एरवीही तेवढ्याच दिसतात.

आजपासून कडक नाकेबंदी. फोन विमान मोडमध्ये आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. इर्मट्राउट म्हणाली, विमान मोड पुरतो की, डबा कशाला? तिला तांत्रिक गोष्टींची आवड नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

फोन सहा दिवस डब्यात. डेटा एक कणही हलला नाही! नकाशा बंद म्हणजे गळती बंद. सिद्ध झालं. (या दिवसांत अभ्यासही झाला नाही. तो वेगळा विषय.)

संध्याकाळी इर्मट्राउटने सांगितलं की आईने तुला तीनदा फोन केला, लागला नाही, मग मला केला. तिला विचारायचं होतं की त्या दिवशी कुठलं झंपर घालू, फोनमध्ये मीही दिसते का तुला.

निळं घाल म्हणावं, असं मी सांगितलं. डब्याकडे बघून थोडं वाईट वाटलं.

रविवार, १ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. वाल्ट्सहूटचा मार्ग.

लोथार म्हणाला, शाफहाउझेनमधून सरळ जाऊ, पाऊण तासाचा रस्ता, नकाशा लावला की झालं. मी उभा राहिलो. मी विचारलं, शाफहाउझेन कुठे आहे? कोणीतरी म्हणालं, स्वित्झर्लंडमध्ये. मी म्हटलं, बस. आणि बसलो. फार परिणामकारक झालं असावं, कारण दोघंतिघं उठून कॉफी आणायला गेले.

मग माझा मार्ग मांडला. स्वित्झर्लंडला लांबून वळसा घालायचा. डोंगरावरून ब्लुमबेर्ग, तिथून खाली श्ट्युलिंगेन, मग वाल्ट्सहूट. पूर्णपणे जर्मन नेटवर्क. माझा डेटा सुरक्षित, आईला दिलेला शब्द सुरक्षित. लोथारने विचारलं, डोंगरावर बर्फ आहे, तू नकाशा बंद ठेवणार, मग रस्ता कळणार कसा? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, बेडकाला पाण्याची वाट सांगावी लागत नाही. टाळ्या पडल्या. एक टाळी पडली.

रस्त्यात इर्मट्राउट म्हणाली, बेडूक कितीही फुगला तरी बैल होत नाही. मग म्हणाली की आठ तारखेला मी लोथारच्या गाडीतून येईन, डोंगराच्या वळणांनी मला मळमळतं. लोथारची गाडी त्याच डोंगरावरून, माझ्या मागून येणार आहे हे बहुधा तिच्या लक्षात आलं नाही. बायकांचा गैरसमज कधीकधी राहू द्यावा.

शनिवार, ७ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. माझ्या व्हॅनमध्ये मंडळाच्या नावाची पाटी (ती मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे धरतात) आणि मोठा ढोल. ढोल पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. लोथार म्हणत होता पाटी-ढोल माझ्या गाडीत टाका. दिले नाहीत. ताफ्याचा म्होरक्या मी, पाटी माझ्याकडे.

आईशी बोललो, इर्मट्राउटच्या फोनवरून. निळं झंपर इस्त्री करून खुर्चीवर ठेवलंय. दोन वाजता मिरवणूक ना रे? मी दीडलाच बसते. म्हणाली, गेबी, तू आधी हात हलव हं, मुखवट्यात सगळे सारखेच दिसतात.

हात हलवणार. दोन्ही.

रविवार, ८ फेब्रुवारी

८.४०. निघालो. पुढे मी, मागे तीन गाड्या. अंगात बेडकाचं हिरवं कातडं, मुखवटा ढोलावर, फोन डब्यात. गावाने हात हलवून निरोप दिला. एका आजोबांनी. हो-नारो! (आमची कार्निव्हलची आरोळी.)

९.०५. पहिल्या तिठ्यावर मी उजवीकडे. आरशात बघतो तर लोथार डावीकडे. शाफहाउझेनच्या बाजूला. पेट्रोल भरायचं असेल.

९.१५. दुसरी गाडीही पेट्रोल भरायला.

९.२०. आरशात कोणी नाही. माझ्या वेगाचा परिणाम. वरच्या गावात थांबून वाट बघतो.

१०.१०. वाट बघितली. कोणी आलं नाही. एका बाईने व्हॅनजवळ येऊन काचेतून ढोलाकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. म्हटलं, उत्तम.

मंडळी वाल्ट्सहूटलाच भेटतील. पाटी माझ्याकडे आहे, त्यांना माझ्यावाचून निघता येणार नाही.

११.३०. ब्लुमबेर्गच्या पुढे रस्ता बंद. झाड पडलंय. पिवळी पाटी, बाण, पर्यायी मार्ग. पहिल्या बाणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसरा बाण बर्फाने झाकलेला असावा.

१२.१५. नाइलाज म्हणून फोन डब्याबाहेर काढला. विमान मोड तसाच. रोन्या म्हणाली होती की आपण कुठे आहोत ते आकाशातून कळतं, त्याला डेटा लागत नाही. खरं आहे. पडद्यावर निळा ठिपका आला. ठिपका म्हणजे मी. ठिपक्याभोवती काहीच नाही. सगळं राखाडी. मी त्या एकोणतीस टक्क्यांत आहे.

बोटाने वर सरकवत गेलो. हाम्बुर्गची गल्ली न् गल्ली स्पष्ट दिसते. हाम्बुर्गमध्ये असतो तर केव्हाच पोचलो असतो.

१.१०. उतार लागला. उतार म्हणजे दरी, दरी म्हणजे नदी, नदी म्हणजे वाल्ट्सहूट. निसर्गाचं वाचन यायला हवं.

१.५०. नदी लागली! पूल लागला! पुलावरून पलीकडे. दोन वाजायला आले, आई खुर्चीत बसली असेल. मिरवणूक इथेच कुठेतरी असणार. व्हॅन थांबवली, मुखवटा चढवला, पाटी काढली. आता फोन सुरू करतो. साठवलेला कणन् कण आईसाठी.

१.५४. विमान मोड काढला. आधी एक संदेश आला. स्वित्झर्लंडमध्ये आपले स्वागत आहे.

१.५५. दुसरा संदेश आला. आपला डेटा संपला आहे.

२.०५. मिरवणूक इथे नाही. इथे एक गोठा आहे. चार गाई माझ्याकडे बघतायत. पाटीवरचं मंडळाचं नाव वाचल्यासारखं.

आई हात हलवायची वाट बघत असेल.

२.४०. सीमेवरचे दोन शिपाई गाडीतून आले. शेतकऱ्याने कळवलं होतं की गोठ्याजवळ एक बेडूक रडतोय. मी रडत नव्हतो. मुखवट्याला आतून घाम येतो. त्यांनी ढोलाच्या आत काय आहे ते विचारलं, मग तो वाजवून दाखवायला लावला. दाखवला. वाल्ट्सहूट किती लांब, असं विचारलं. एकाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आज राहू द्या काका, घरी जा. शाफहाउझेनमधून सरळ रस्ता आहे.

सरळ. एकही वळण नाही म्हणे.

त्याच रात्री

झोप येत नाही, म्हणून लिहितो.

घरी गेलो नाही. तोंड दाखवायला सरळ झिंगेनला गेलो. कातड्यासकट. कपडे बदलायचे तर ते लोथारच्या गाडीत होते. वाटेभर वाक्यं जुळवली. आई, तांत्रिक कारणामुळे. आई, स्विस सरकारच्या बेपर्वाईमुळे. एकही धड जमलं नाही.

आई निळ्या झंपरात होती. समोर रिकामी केकची ताटली. चेहरा खुललेला. मला बघून म्हणाली, अगोबाई, गेबी, काय सुंदर मिरवणूक झाली रे! सगळी बघितली. इर्मट्राउटने दाखवली, तासभर, फोन हातात धरून. तिच्या फोनवर काय स्वच्छ दिसतं! गोंगाटात ती काय बोलते ते मात्र कळलं नाही.

मी म्हटलं, हो का.

म्हणाली, यंदा एक नवीन मंडळ आलं होतं. हिरवंगार. त्यांच्यापुढे पाटीच नव्हती, आणि ढोलही नव्हता बिचाऱ्यांकडे, टाळ्या वाजवतच चालत होते. निवेदकालाही कळेना कोण ते, मग तो म्हणाला, या बघा काकड्या आल्या! लोक काय हसले! काकड्या फार गोड उड्या मारत होत्या. सिस्टर बेआटेला तर त्याच आवडल्या.

मग जरा थांबून म्हणाली, पण तुमचे बेडूक नाही दिसले रे कुठे. मी शेवटपर्यंत बघत होते. प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. तू कुठे होतास?

तिने माझ्या बाहीवरचं एक सुटलेलं ठिगळ चाचपलं आणि म्हणाली, हे शिवायला हवं. मी तिथेच जमिनीवर बसून एक उडी मारून दाखवली. ती हसली. दुसऱ्या उडीला जेवणाची गाडी आडवी आली आणि सूप सांडलं. सिस्टर बेआटे म्हणाली, आज पुरे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

इर्मट्राउट अजून रागावलेली नाही, हे जास्त वाईट. नुसती म्हणाली, मी काल तुला किती वेळा फोन केला, तू तुझ्या डब्यात.

रोन्याने माझा फोन मागितला, कुठेकुठे बोट लावलं आणि म्हणाली, बाबा, नकाशाने महिनाभरात खाल्लं ते ब्रेत्झेल पावावरच्या मिठाएवढं. वाटेत थोडं थोडं, बस. त्या एका रात्रीत उतरवलेली जर्मनी सोडली तर बाकी सगळं व्हिडिओ आहेत. गॅरेजमधले. एकच व्हिडिओ परत परत. मी विचारलं, कुठला? म्हणाली, तुझाच. तिसरी उडी.

मी म्हटलं, तो अभ्यास होता.

ती म्हणाली, तू स्वतःला बघण्यात सगळा डेटा संपवलास, म्हणून आजीला दिसायला उरला नाहीस.

तीस वर्षं गळत्या शोधल्या. फोन उचलून परत डब्यात ठेवला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डेटा भरला. पाच जीबी.

आईकडे गेलो. नकाशा बंद ठेवून. फाटा चुकला, परत आलो. बाहीचं ठिगळ तिने शिवून दिलं. मग म्हणाली, गेबी, त्या काकड्या पुन्हा दाखव ना. इर्मट्राउटने पाठवलेला व्हिडिओ मी वृद्धाश्रमाच्या वायफायवर लावला आणि फोन तिच्यासमोर धरून बसलो. तिने चार वेळा पाहिला. चारही वेळा मी त्यात नव्हतो.

पाचव्यांदा लावायला सांगताना तिने विचारलं, काकड्यांच्या पुढे चालतो तो कोण रे? म्हटलं, लोथार.

म्हणाली, हुशार दिसतो. त्यालाच द्या पुढल्या वर्षी तुमचा ताफा न्यायला.